उत्तरेचं बटण

मी आणि सिद्राम गेली पस्तीसेक वर्षं एका भुयारात उभे आहोत, हे माझ्या बायकोला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. ती अजूनही म्हणते, की बघायला आलेल्या मुलानं असल्या गोष्टी स्वतःहून सांगायच्या असतात. पण समोर पोह्यांची बशी, बाजूला सासरा, आणि आपण म्हणायचं, "मी सध्या जमिनीखाली असतो"? काकतीच्या त्या माणसांनी मला तिथूनच परत कंग्राळीला, आमच्या घराच्या वाटेला लावलं असतं.

तर ते भुयार. आम्ही बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत दहावीला होतो तेव्हा शाळेला सरकारकडून एक कॉम्प्युटर आला. आजच्या पोरांना तो दाखवला तर ती विचारतील, बाकीचा कुठाय? नुसता एक जाडजूड कीबोर्ड. त्याला टीव्ही जोडायचा, टेपरेकॉर्डर जोडायचा, टेपमध्ये कॅसेट घालायची आणि हाताची घडी घालून बसायचं. कॅसेटमधून गाण्याऐवजी चिरकणं यायचं, मांजराच्या शेपटीवर पाटा पडावा तसं. बराच वेळ चिरकून झालं की टीव्हीवर हिरवी अक्षरं उमटायची. आमचे सर बंगळूरला प्रशिक्षणाला गेले होते, तिथून त्यांनी पाच-सहा गेम एकत्र भरलेली एक कॅसेट आणली होती. त्या गेममध्ये चित्र नाही, बंदूक नाही, मोटार नाही. सगळा इंग्रजी मजकूर. "तुम्ही एका विहिरीजवळ उभे आहात. उत्तरेला वाट आहे. इथे एक दिवा आहे." मग आपण दोन शब्द टाइप करायचे. दिवा घे. दार उघड. तिसरा शब्द त्याला खपत नसे. उत्तरेला जायचं तर नुसतं एन दाबायचं, दक्षिणेला एस, आणि मग एंटर.

यंत्र एक आणि पोरं चाळीस, म्हणून सरांनी जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला सिद्राम कांबळे आला. तो निपाणीचा, इथं वसतिगृहात राहायचा. तो डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचणार आणि मी बटणं दाबणार, अशी कामाची वाटणी होती. आमच्या घराण्यात इंग्रजी बोलणारा पहिला माणूस मी, आणि माझं पहिलं इंग्रजी संभाषण एका बंद दाराशी झालं. दारानं उत्तर दिलं, "मला कळलं नाही." पुढं नोकरीत साहेबांनीही मला हेच ऐकवलं, पण दारानं ते जास्त सभ्यपणे सांगितलं होतं.

वर्षभर खपून आम्ही भुयारात खोलवर गेलो. शेवटच्या तासाला एका दुभंगलेल्या वाटेवर पोचलो. एक वाट उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि हातातला दिवा मिणमिणायला लागलेला. मी म्हणालो, उत्तर. सिद्राम म्हणाला, दक्षिण. मी बटणाकडे हात नेला, त्यानं हात धरला. तेवढ्यात घंटा झाली. आम्ही आहोत ती जागा कॅसेटच्या मागच्या बाजूला भरून ठेवली, म्हणजे परीक्षेनंतर येऊन तिथूनच पुढं जाता यावं. परीक्षेनंतर त्या खोलीला कुलूप लागलं. इंग्रजीत पहिला आला म्हणून सरांनी ती कॅसेट सिद्रामला बक्षीस दिली. मला भूगोलात बरे मार्क होते. भूगोलाला बक्षीस नव्हतं.

तेव्हापासून वाद चालू आहे. माझ्या लग्नात अक्षता पडत असताना तो मागून कानाशी म्हणाला होता, "मादू, दक्षिणच." त्याच्या मुलाच्या नामकरणाला मी बुद्धवंदना होईपर्यंत दम धरला आणि मग पाळण्याशी वाकून त्या बाळाला सांगितलं, उत्तर. पुढं सिद्राम बँकेत अधिकारी झाला, मी विमा कचेरीत लागलो. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येतो. तब्येत, पाऊस, महागाई हे सगळं दोन वाक्यांत आटपतं आणि मग आम्ही भुयारात उतरतो.

या श्रावणात त्याचा फोन आला आणि तो भुयाराचं नावच काढेना. मला शंका आली.

"काय झालंय रं?"

"बदली झाली. गुवाहाटी."

 मी सावरून म्हणालो, "बघ, शेवटी उत्तरेलाच चाललास."

"उत्तरेला न्हाय, ईशान्येला," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची खुमखुमी नव्हती. गुवाहाटी म्हणजे काही निपाणी नव्हे, की मनात आलं आणि बस धरली. फोन ठेवल्यावर मला खरंच वाईट वाटलं. हा माणूस गेला तर माझ्याशी भांडणार कोण? बायको भांडते, पण तिच्याशी भांडताना जिंकण्याची शक्यता तरी कुठं असते?

म्हणून मीच त्याला परत फोन लावला आणि पैज घातली. गणपतीनंतर आमच्या बॅचचा मेळावा शाळेतच होता. तिथं ते यंत्र चालू करायचं, भुयारात जायचं आणि एकदाचा निकाल लावायचा. हरेल त्यानं माइकवरून सगळ्यांसमोर म्हणायचं, "तुझं बरोबर होतं." सिद्राम लगेच तयार झाला. माझ्यापुरतं सांगायचं, तर हे वाक्य मला उद्देशून आजवर कुणीही उच्चारलेलं नाही. घरात नाही, कचेरीत नाही, भाजीवाल्यानंसुद्धा नाही. ते एकदा माइकवरून ऐकायची माझी फार इच्छा होती.

दुसऱ्याच दिवशी शाळा गाठली. हल्लीच्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडम वयानं तरुण. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटर आहे. पण तो तुम्हाला चालू करता येणार नाही."

"का?"

"तो वापरात आहे."

त्यांचं म्हणणं असं, की दरवर्षी तपासणी होते आणि त्या यंत्रापुढं 'वापरात' असं लिहिलं जातं. 'बंद' लिहिलं तर बंद का, कधीपासून, जबाबदार कोण, ही चौकशी लागते. म्हणून त्यांच्या आधीच्या सहा मुख्याध्यापकांनी ते वापरात ठेवलं होतं. आता ते चालू करायला गेलो आणि बंद निघालं, तर इतकी वर्षं वापरात असलेलं यंत्र माझ्या हातून बिघडलं असं होणार. "शिक्षण खात्याची परवानगी आणा," मॅडम म्हणाल्या.

खात्याला अर्ज कन्नडात हवा. मला कन्नड बोलता येतं, पण लिहायला बसलो की जिलेब्या होतात. रूपाली, म्हणजे आमची मंडळी, कन्नड माध्यमात शिकलेली. तिनं दोन मिनिटांत अर्ज लिहून दिला. मी विश्वासानं सही ठोकली. खात्याच्या कचेरीतल्या माणसानं तो वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मला आदरानं खुर्ची दिली.

"हे आमच्याकडं येत न्हाय री. तुम्ही अग्निशामकाकडं जावा. लवकर जावा."

घरी येऊन विचारलं तेव्हा रूपाली तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी खरं तेच लिवलं. दोन माणसं पस्तीस वर्षं भुयारात अडकलीत, त्यांना भाइर काढायला यंत्र पायजे." मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. तिला ते संध्याकाळी कळलं.

नवा अर्ज गेला. त्यानंतर मी त्या कचेरीत जायचो आणि 'नाळे बर्री' ऐकून परत यायचो. नाळे बर्री म्हणजे उद्या या. तो उद्या कधीच आज होत नाही, हे बेळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटी मॅडमनाच दया आली. म्हणाल्या, "चालू करू नका. पण उघडून बघायला हरकत नाही. बघण्याबद्दल नियम नाही."

कुलूप उघडलं शिपाई मष्णूनं. तो खानापूरकडचा, देवभोळा, आणि आता निवृत्तीला आलेला. आत टेबलावर ते यंत्र होतं. आमच्याकडं खंडेनवमीला कोयत्यापासून बसपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी मष्णूनं याचीही केली होती. एक वर्ष नव्हे, दरवर्षी. बटणांवर हळदीकुंकवाचे थर, मधल्या फटींत अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या, शेजारच्या टेपच्या खणात सुकलेलं लिंबू. शिवाय दरवर्षी त्याच्यापुढं नारळ फोडलेला. नारळाचं पाणी उडून बटणं अशी चिकटली होती, की एक दाबलं की शेजारची चार खाली जायची.

"चालू कधी केलंत का हे?" मी विचारलं.

मष्णूनं कानाला हात लावला. "चालू? देवाला कोण चालू करतंय काय, अण्णा?"

त्याचं पुढचं म्हणणं आणखी अवघड होतं. इतकी वर्षं पूजेत बसलेली वस्तू, तिला हात लावायचा तर कौल घ्यायला पाहिजे. त्याच्या गावात विहीर खणायची असो की सोयरीक ठरवायची, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव म्हणजे यंत्र, आणि यंत्राचा चेहरा म्हणजे टीव्ही. मष्णूनं काचेवर दोन पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडून बसला. मीही बसलो. मॅडम दारातून बघत होत्या. अर्धा तास झाला तरी एकही पाकळी हलेना. मी पायानं हळूच शेजारच्या उभ्या पंख्याचं बटण दाबलं. उजवी पाकळी उडाली आणि मॅडमच्या खांद्यावर बसली.

"होकार!" मष्णू म्हणाला. देवाच्या कामात पंख्याची मदत घेतली म्हणून मला पाप लागलं असेल तर ते मी फेडायला तयार आहे.

इकडं निपाणीहून सिद्राम कॅसेट घेऊन आला. ती त्यानं कपाटात, डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवली होती, तरी फितीवर पांढरी बुरशी चढलेली. आमच्या ओसरीवर कॅसेट मधोमध ठेवून आम्ही बसलो आणि बातमी गल्लीत पोचली. सल्ला द्यायला आमच्या गल्लीत आमंत्रण लागत नाही. शेजारच्या जयाबाई म्हणाल्या, तांदळात पुरून ठेवा, त्यांचा पाण्यात पडलेला मोबाइल तसाच बरा झाला होता. समोरचे भरमू आप्पा म्हणाले, फ्रीजमध्ये ठेवा. माझी आई बाळाबाई म्हणाली, "वाळत घाल की उन्हात, पापडाबरोबर." मी हसलो. आईला वाईट वाटू नये म्हणून तिच्या देखत थोडा वेळ ऊन दाखवलं. शेवटी सिद्रामनं मऊ कापडानं फीत हातभर-हातभर बाहेर ओढून पुसून काढली, आणि पेन्सिल घालून ती परत गुंडाळायचं काम माझ्याकडं दिलं. वाटणी जुनीच. डोकं त्याचं, बोटं माझी.

आमच्या माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून काळी चिक्की झाला होता. त्या जागी रूपालीनं केसांचं रबर दिलं. त्यावर कॅसेट फिरली आणि ओसरीवर ते जुनं चिरकणं सुरू झालं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आई आतून ओरडली, "कुणाला मारालास रं?" पण आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसत होतो. सिद्रामच्या डोळ्यांत पाणी होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास उग्र असतो, असं तो म्हणाला. मला तो वास आला नव्हता, तरी माझेही डोळे झोंबले.

सगळं नीट चाललं होतं. पण भरमू आप्पांच्या पुतण्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि आमच्या भागात फ्लेक्सवाचून बारसंसुद्धा होत नाही. मला न विचारता त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर गॉगल घातलेला मी. मी आयुष्यात गॉगल घातलेला नाही, तो दुसऱ्याच्या फोटोवरून आणून बसवला होता. वर मोठ्या अक्षरांत: "चला उत्तरेकडे! पस्तीस वर्षांच्या लढ्याचा निर्णायक क्षण! मा. महादेव अण्णा यांना शुभेच्छा." शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं, त्यात दोन वारलेले.

आता आमचं गाव कुठल्या भागात आहे, इथून उत्तरेला काय आहे आणि इथली माणसं किती वर्षं कशाबद्दल भांडतात, हे मी वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांतला एक पोलीस दारात उभा.

"एन री इदु? हे काय? मोर्चा हाय काय?"

"नाही हो. खेळ आहे."

"उत्तरेला कुठंवर जाणार?"

"ते गेल्यावरच कळेल."

त्यानं वही काढली. "माणसं किती?"

"दोन."

"हातात काय असणार?"

"दिवा."

"मशाल?"

"नाही, साधा दिवा. तोपण विझत आलाय."

"परत कधी येणार?"

"पस्तीस वर्षं झाली, अजून आलो नाही." हे बोलल्यावर मला माझी चूक कळली. तो माझ्याकडं टक लावून बघत होता. शेवटी रूपालीनं चहा आणला आणि कन्नडात त्याला सगळं समजावलं. काय समजावलं कोण जाणे, कारण जाताना तो माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "औषध चालू ठेवा अण्णा, होतंय बरं." फ्लेक्सबद्दल मात्र तो ठाम होता. एकाच दिशेचं नाव नको, लोकांचा गैरसमज होतो. कन्नडही पाहिजे. भरमू आप्पांनी तिथल्या तिथं पट्टी चिकटवली, "चला उत्तरेकडे व दक्षिणेकडे!" आणि खाली तेच कन्नडात. एवढं करून गॉगल तसाच ठेवला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी खात्याचं उत्तर आलं. यंत्र वापरात असल्यास वापरण्यास हरकत नाही, वापरात नसल्यास वापरात आणावे. मॅडमनी ते चारदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे काहीही झालं तरी चालू करायचंय." मष्णूनं डोळे मिटून स्पिरिटनं बटणं पुसायला परवानगी दिली. पुसलेलं हळदीकुंकू त्यानं वाटीत गोळा करून घेतलं. एकेक करत बटणं उठली. एकच उठेना. किती पुसलं, फुंकलं, ठोकलं, तरी ते दाबलं की काही उमटत नव्हतं.

ते बटण एन होतं.

सिद्राम खुर्चीत मागं रेलला. "दक्षिण मोकळी हाय," तो म्हणाला. मी मष्णूकडं बघितलं. तो म्हणाला, मधलं बटण म्हणून नारळ नेहमी त्याच्याच समोर फुटायचा.

मेळाव्याला आमची बॅच तर आलीच, पण फ्लेक्स वाचून आमची गल्लीही आली. आईला पुढची खुर्ची दिली. मॅडमच्या हस्ते कॅसेट सुरू झाली आणि माइक शेजारीच असल्यामुळं ते चिरकणं कॅम्पभर गेलं. पलीकडच्या बंगल्यातून एक निवृत्त सुभेदार काठी घेऊन बघायला आले आणि बसून राहिले. मग टीव्हीवर हिरवी अक्षरं उमटली. सिद्राम उठला आणि पूर्वीसारखंच एकेक शब्द वाचून मराठीत सांगायला लागला.

"तुम्ही दुभंगलेल्या वाटेवर उभे आहात. एक वाट उत्तरेला जाते, एक दक्षिणेला. तुमचा दिवा मिणमिणतो आहे."

  आमची कॉलेजं झाली, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, माझे वडील गेले, त्याची बायको गेली, दोघांच्या डोक्यावरचं पीक कापणी होऊन गेलं. आणि आम्ही दोघं हातात दिवा घेऊन तिथंच उभे होतो. मला त्या दोन पोरांची फार माया आली.

"पुढं चला की!" भरमू आप्पा ओरडले.

एन चालत नव्हतं. नाइलाजानं सिद्रामनं एस दाबलं, एंटर मारला आणि वाचलं, "तुम्ही एका गोल खोलीत आला आहात. इथे दगडी बाक आहे. बाकावर एक पेटी आहे. दिवा मंद झाला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेटी! सिद्रामला कुणीतरी हार घातला, तो बहुतेक मॅडमसाठी आणलेला होता. भरमू आप्पांनी उत्तरेचा झेंडा टाकून दक्षिणेच्या बाजूनं घोषणा दिली. सिद्राम माइक हातात घेऊन माझ्याकडं आला आणि तो माझ्या तोंडासमोर धरला.

"बोल, मादू."

मी घसा साफ केला.  तेवढ्यात पुढच्या रांगेतून आई म्हणाली, "दुसऱ्या वाटंनं कोण गेलंय काय अजून? न बघता कशी हार मानालास रं?"

आई माझी असली तरी मुद्दा बरोबर होता. मी माइक ढकलला. "उत्तर बघितल्याशिवाय मी बोलणार नाही!" सिद्राम म्हणाला, बटण नाही. मी म्हणालो, बटण आहे, चालत नाही, दोन्हींत फरक आहे. रूपालीनं केसांतला आकडा काढून दिला. मी बटणाची टोपी उचकटून आत आकडा घातला आणि खालून एक अखंड खोबऱ्याचा तुकडा निघाला. मष्णूनं तो प्रसाद म्हणून तोंडात टाकला. एन बटण उठलं.

मग परत कॅसेट, परत चिरकणं, परत ती दुभंगलेली वाट. मी एन दाबलं. एंटर मारला. सिद्राम वाचायला लागला आणि मधेच थांबला.

"वाच की रं!"

"तुम्ही एका गोल खोलीत आला आहात," तो हळूहळू म्हणाला. "इथे दगडी बाक आहे. बाकावर एक पेटी आहे."

 मग मागून भरमू आप्पांचा आवाज आला, "दोनी वाटा एकाच खोलीत जात्यात! अरं, माझ्या फ्लेक्सवर आधीच लिवलं होतं की, उत्तरेकडे व दक्षिणेकडे!"

सगळं सभागृह हसलं. सुभेदारसाहेब काठी आपटून हसले. मॅडम हसल्या. आमच्या दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं, इतके फोन, माझ्या अक्षता, त्याच्या पोराचा पाळणा, आणि भिंतीपलीकडं एकच खोली! माइक आमच्या मध्ये टेबलावर पडून होता. 'तुझं बरोबर होतं' हे आता कुणी कुणाला म्हणायचं? सिद्राम माझ्याकडं बघेना. मी त्याच्याकडं बघेना. मला हरल्याचं दुःख नव्हतं. वाद संपला होता. त्याची गाडी सोमवारी होती, आणि पुढच्या आठवड्यात फोन आला तर तब्येत, पाऊस, महागाई झाल्यावर आम्ही बोलायचं काय, याची मला भीती वाटली.

"पेटी उघडा की," जयाबाई म्हणाल्या. "सोनं असंल."

सिद्रामनं निमूटपणे दोन शब्द टाइप केले. पेटी उघड. एंटर.

"दिवा विझला," त्यानं वाचलं. "तेल संपले आहे. अंधारात काही दिसत नाही."

पुन्हा भुयार भरून बघितलं, पुन्हा दिवा विझला. तेल तेवढंच उरलेलं, एका पावलापुरतं. पेटीपर्यंत पोचायचं तर सगळा खेळ विहिरीपासून परत खेळायला पाहिजे होता, तोही तेल राखून. पब्लिक खवळलं. पेटीत काय होतं, हे कळल्याशिवाय जेवायला कुणी उठेना.

सिद्राम माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी खुमखुमी परत आली होती. "मादू, मी तवाच म्हणालतो तुला. पायऱ्या उतरल्यावर दिवा बंद कर. तुझ्यामुळं तेल संपलं."

"माझ्यामुळं? डिक्शनरीत एकेक शब्द बघत बसलास तू, आणि दिवा मी जाळला?"

"डिक्शनरी बघताना तेल जळत न्हाय! पाऊल टाकलं की जळतंय. आणि पावाचा तुकडा आणायला परत वर कोण गेलतं?"

"भूक लागली होती!"

"खेळात?"

माइक चालूच होता. हे सगळं कॅम्पभर गेलं. मॅडमनी आम्हाला जेवायला नेलं तेव्हा आम्ही पंगतीतही भांडत होतो, आणि मला श्रीखंड फार गोड लागलं.

सोमवारी सिद्राम गुवाहाटीला गेला. कॅसेट माझ्याकडं ठेवून गेला, त्याच डांबराच्या गोळ्यांसकट. मॅडमनी मला सांगितलं, दर शनिवारी शाळा सुटल्यावर येत जा, म्हणजे तपासणीत 'वापरात' असं खरंखुरं लिहिता येईल. मी जातो. मष्णू आधी उदबत्ती लावतो. नारळ मात्र आता तो बाहेर फोडतो. मी फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवतो, टीव्हीवरचं इंग्रजी वाचून दाखवतो, तो तिकडून मराठीत अर्थ सांगतो आणि पुढचं पाऊल ठरवतो.

गेल्या शनिवारी आम्ही परत त्या दुभंगलेल्या वाटेवर आलो. या खेपेला दिव्यात तेल बरंच होतं. दोन्ही वाटा कुठं जातात हे आता आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिकडं पाऊस पडत होता, फोनमधून ऐकू येत होता.

"दक्षिणेला चल," सिद्राम म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो, आणि एन दाबलं.